मला शिळीच आवडते

शिळ्या पोळीचा चुरा हातानेच करावा. मिक्सरमध्ये दोन फेरे दिले की काम झटकन होतं, पण पोळीचा रवा होतो आणि वाफ धरली की त्या रव्याचा लगदा. हाताने करायचं तर आधी पोळीचे चतकोर, मग चतकोराच्या पट्ट्या, मग बोटांच्या पेरांनी तुकडे. काही शेंगदाण्याएवढे, काही त्याहून लहान, आणि परातीच्या तळाशी थोडा भुगा पडतोच. हा असमानपणा हवाच असतो. भुगा तेल-हळद पिऊन मऊ होतो, मोठे तुकडे कढईच्या बुडाला लागून खरपूस होतात, आणि जाड राहिलेली पोळीची कड दाताखाली जरा चिवट लागते. एका घासात तिन्ही यायला हवीत.

फोडणीला तेल सढळ हाताने घालावं. पोळीला आधीच तेल लावलंय म्हणून हात आखडला की सगळा पदार्थ घशाशी अडकतो. मोहरी पुरती तडतडू द्यायची. मग हिंग, मग दाणे, ते तांबूस झाले की कढीपत्ता, मिरचीचे तुकडे आणि भरपूर कांदा. कांदा मऊ पडला की हळद. मीठ फक्त कांद्यापुरतं, कारण कणकेत ते आधीच पडलेलं असतं. मग चुरा घालून खालवर करायचा, चिमूटभर साखर पेरायची आणि पातळ ताकाचा एक हबका मारून झाकण ठेवायचं. ताक नसलं तर पाणी, पण ताकाने जी हलकी आंबट चव येते ती नंतर लिंबू पिळून येत नाही. वाफ आली की झाकण काढायचं, आच वाढवायची आणि उलथनं बाजूला ठेवून द्यायचं. इथे सगळ्यांचा धीर सुटतो, हात सारखा कढईकडे जातो. पण न हलवता ठेवल्याशिवाय बुडाची खरपुडी धरत नाही, आणि खरपुडी नसेल तर त्याला फोडणीची पोळी कशाला म्हणायचं? वरून कोथिंबीर, असेल तर ओलं खोबरं.

कुणाकडे तिला कुस्करा म्हणतात, कुणाकडे माणिकपैंजण, आणि भात-पोळी दोन्ही एकत्र परतलं की काही घरांत त्याचा मनोहरा होतो. नावं काहीही असोत, सगळ्यांचा जन्म एकाच जागी: रात्री उघडून पाहिलेल्या पोळ्यांच्या डब्यात.

पोळी शिळी होते म्हणजे फक्त वाळते, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. फडक्यात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली पोळीसुद्धा सकाळी कडक लागते, कारण शिजताना पाणी पिऊन सैल झालेले कणकेतल्या पिठूळ भागाचे धागे गार होताना पुन्हा एकमेकांना धरून बसतात. फ्रिजच्या गारव्यात हे अधिकच भरभर होतं, म्हणून फ्रिजमधली पोळी बाहेर राहिलेल्या पोळीपेक्षा लवकर वातड होते. पण तिला साधारण ६० अंशांच्या पुढे उष्णता आणि थोडा ओलावा मिळाला की ते धागे पुन्हा सैल पडतात. ताकाचा हबका आणि झाकणाखालची वाफ हेच करत असते. ज्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलं त्यांना धाग्यांची ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती, पण कढईवर झाकण किती वेळ ठेवायचं हे त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक होतं.

मला या पदार्थाविषयी इतकं बोलावंसं वाटतं त्याचं कारण चवीच्या पलीकडचं आहे. फोडणीची पोळी नसती तर त्या पोळ्यांचं काय झालं असतं, हे मी लहानपणापासून पाहत आले. त्या आईने खाल्ल्या असत्या.

आमच्याकडे रात्रीच्या दोन-तीन पोळ्या उरत. सकाळी डबे भरायचे, मग वडिलांचं जेवण, मग आम्हा मुलांचं. तव्यावरून उतरणारी प्रत्येक गरम पोळी कुणाच्या ना कुणाच्या ताटात जाई. आई सगळ्यांत शेवटी बसे, आणि तिच्या ताटात आधी कालची पोळी पडे. आम्ही जरा मोठ्या झाल्यावर म्हणायला लागलो, “अगं आई, तू गरम घे ना, ती राहू दे.” त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, “राहू दे गं, मला शिळीच आवडते.” ती हे तक्रारीच्या सुरात म्हणत नसे. ताटात थोडं दूध, वर गूळ, त्यात पोळी कुस्करून ती अगदी समाधानाने जेवे. पुढे मैत्रिणींच्या घरी गेले, सासरी आले, आणि हेच वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं की ते एकट्या आईचं नाही हे कळत गेलं. मावशीला शिळीच आवडायची. सासूबाईंना कालचीच आमटी आवडायची. शेजारच्या काकूंना भाताची खालची करप आवडायची. घरातल्या पुरुषांपैकी कुणालाच शिळं कसं आवडत नाही, हा प्रश्न मात्र कुणी मोठ्याने विचारला नव्हता.

त्या आवडीत खरेपणा मुळीच नव्हता असं मी म्हणणार नाही. रोज खाल्लं की जिभेला त्याची गोडी लागतेही. कालच्या आमटीची चव खरंच उतरून येते. पण आवड ही निवडीतून आली की सवयीतून, हे ती शिळी पोळी आधी कुणाच्या ताटात पडते त्यावरून कळतं. म्हणून मला वाटतं, उरलेल्या अन्नाचं काहीतरी ‘करणं’ आणि ते नुसतं ‘संपवणं’ ह्यांत फार मोठं अंतर आहे. संपवायला एक माणूस पुरतो, आणि बहुतेक घरांत तो माणूस कोण हे ठरलेलं असतं. करायला घेतलं की ते सगळ्यांचं होतं. आमच्याकडे ज्या सकाळी कढईत फोडणीची पोळी पडे, त्या सकाळी खरपुडीवरून आम्हा भावंडांची भांडणं होत, वडीलही दुसऱ्यांदा वाढून घेत, आणि ज्या पोळ्या मुकाट्याने आईच्या ताटात गेल्या असत्या त्या घरभर वाटल्या जात. कांदा, दाणे आणि थोडं तेल एवढ्या भांडवलावर ही वाटणी होत होती.

आजीचं सगळं आयुष्य बार्शीकडे गेलं. तिच्याकडे पोळी सणाची, रोजची भाकरी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकटाई नसते, त्यामुळे शिळी भाकरी वातड न होता ठिसूळ होते. तळहातावर घेऊन दाबली की चुरा होतो. तिच्या कुस्कऱ्यात कांदा असलाच तर नावापुरता. लसूण मात्र मुठीने, पाट्यावर सालीसकट चेचलेला, काळपट तांबूस होईपर्यंत तेलात परतलेला. त्यावर लाल तिखट आणि दाण्याचं कूट, लगेच भाकरीचा चुरा आणि वर पाण्याचा शिपका. हळदीचं पिवळेपण त्यात नव्हतं, रंग विटकरी. वाटीत दही घेऊन ते खायचं. घाई असेल तर चूलही पेटवायची नाही: ताकात भाकरी मोडायची, वर कांदा बुक्कीने फोडून, शेंगांची चटणी आणि तेल. रानात जाणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत भूक लागत नसे.

तिकडे भाकरी शिळी होण्याची वाट न पाहता तिला मुद्दाम कडकही करतात. सोलापूरची कडक भाकरी आता पुण्या-मुंबईतही पाकिटात मिळते. पातळ थापून, भाजून, पार कोरडी केलेली ती भाकरी कितीतरी दिवस टिकते, आणि रश्श्यात किंवा आमटीत मोडून टाकली की रस पिऊन घेते. शिळेपणाची भीती असलेल्या माणसाला हे सुचलं नसतं. भाकरीतलं पाणी गेलं तरी तिच्यात काय शिल्लक राहतं हे ज्यांनी नीट पाहिलं, त्यांनाच ते सुचलं.

आजी बहात्तरच्या दुष्काळातून गेलेली. पाऊस सलग हुकत गेला आणि १९७२ साली कळस झाला. दुष्काळी कामांवर खडी फोडायला, तलावाची माती उपसायला गावंच्या गावं गेली. त्या वेळी बाहेरून आणलेला मिलो रेशनवर मिळे. तांबड्या रंगाची ती ज्वारी इकडच्या जिभेला कधीच रुचली नाही. कामाच्या ठिकाणी सुकडी वाटत. आजी त्या दिवसांविषयी फारसं बोलत नसे. पण परातीत पीठ सांडलं तर ओल्या बोटाने शेवटचा कण टिपून घेई, भाकरी थापल्यावर परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ खरवडून शेवटच्या भाकरीत घाली, आणि लहानपणी ताटात घास टाकून उठणाऱ्या आम्हा नातवंडांकडे नुसती बघत राही. रागावत नसे. त्या बघण्यानेच आम्ही परत बसायचो. मी तिच्याकडून पाककृती शिकले असं म्हणता येत नाही, मी तिच्याकडून भांडं पुसून घ्यायला शिकले.

सासर रत्नागिरीकडचं. तिथे उरलेल्याची तऱ्हा वेगळी, कारण तिथे सगळं तांदळाभोवती आणि नारळाभोवती फिरतं. गणपतीत मोदकांची उकड काढली की सारण आधी संपतं आणि उकड उरते, निदान आमच्या घरी तरी दर वर्षी. त्या उकडीत हिरवी मिरची आणि जिरं वाटून घालायचं, मीठ, थोडी कोथिंबीर, मळून छोट्या चपट्या वड्या थापायच्या आणि मोदकांच्याच चाळणीत शेवटी उकडून घ्यायच्या. या निवगऱ्या. गरम असताना वर कच्चं तेल किंवा दही. गोडाने तोंडाला मिठी बसलेली असते, त्यावर हा तिखट घास असा काही लागतो की घरातली निम्मी माणसं मोदकांपेक्षा निवगऱ्यांकडे डोळे लावून असतात. सासूबाई आता उकड मुद्दाम जास्त काढतात आणि उरली म्हणतात.

देशावर हेच काम होळीला कट करतो. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचं पाणी ओतून काढावंच लागतं, नाहीतर पुरण सैल होतं. ते ओतून द्यायच्या लायकीचं पाणी चिंच, गूळ, खोबरं आणि काळा मसाला घेऊन आमटी होतं, आणि पुरणपोळीच्या बरोबरीने मानाने ताटात बसतं. दुसऱ्या दिवशीची कटाची आमटी, तव्यावर तूप सोडून पुन्हा भाजलेली पुरणपोळी, हे जेवण मला सणाच्या जेवणापेक्षा वरचं वाटतं. त्या दिवशी नैवेद्याची घाई नसते, पाहुणे गेलेले असतात आणि स्वयंपाक केलेली बाई पहिल्या पंगतीला बसलेली असते.

आणखी खाली गोव्यात ‘कालची कडी’ आहे. रात्रीच्या हुमणातले मासे रात्रीच संपतात, मागे राहतो तो नारळ, लाल मिरची आणि आमसुलाचा किंवा चिंचेचा दाट रस. तो सकाळी मंद आचेवर ठेवून आटवायचा, इतका की कडी भांड्याला धरू लागते. मग ती पावाबरोबर किंवा पेजेबरोबर न्याहारीला. मासा नसलेली ही माशाची कडी माझ्या ओळखीच्या गोवेकरांना ताज्या कडीपेक्षा प्रिय आहे. ते परदेशी राहायला गेले की आठवण काढतात ती हिची. रात्रभर आंबट, तिखट आणि नारळाचं तेल एकमेकांत मुरलेलं असतं, ते ताज्या स्वयंपाकात साधत नाही. तेवढा वेळ द्यायला कुणाला जमतो, एवढाच प्रश्न.

आमच्या घरात कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आहे, हळदीचे डाग पडलेलं. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने मराठी घरांवर मोठे उपकार केले, कारण कमलाबाईंनी प्रमाण वाटी-चमच्यात बसवलं. नव्याने संसार मांडलेल्या, आई-सासू जवळ नसलेल्या मुलीला त्यामुळे भरवसा मिळाला. मी आजही अनारशांना ते उघडते. पण उरलेल्याच्या स्वयंपाकाला असं प्रमाण सांगताच येत नाही. पाककृती म्हणते, दोन वाट्या हे घ्या आणि अर्धी वाटी ते. उरलेलं अन्न आधीच येऊन बसलेलं असतं: दीड पोळी, वाटीभर घट्ट वरण, पळीभर कोबीची भाजी, तळाशी थोडी कोशिंबीर. ते किती आहे आणि कसं आहे, बघायचं. वरणात मीठ किती पडलंय, भाजीत गूळ होता का, पोळी कालची की परवाची, हे चाखून ठरवायचं. वरण घट्ट असेल तर त्यातच कणीक मळावी, ओवा आणि तिखट घालून पराठे लाटावेत, वरणाचा मऊपणा दुसऱ्या कशानेही येत नाही. तेच वरण पातळ असेल तर उकळून चिंच-गूळ घालावा आणि कणकेच्या शंकरपाळ्यांएवढ्या चकत्या सोडाव्यात. वरणफळं शिजायला लागली की घरभर जो वास सुटतो त्याने अभ्यासाला बसलेलं मूल उठून येतं. कोबीची भाजी थालीपिठाच्या भाजणीत जाते. कोशिंबीर जात नाही, तिला दुसऱ्या दिवशी कुठेच जागा नाही, ती त्याच जेवणात संपवावी. हे कळायला पुस्तक नको, आपल्या घरात काल काय शिजलं आणि कोण कमी जेवलं याची आठवण हवी. एखाद्या रात्री नेहमी दोन वेळा भात घेणारा मुलगा एकदाच घेऊन उठला, तर सकाळी उरलेला भात पाहून आई विचारते, काय रे, बरं वाटत नाही का?

या सगळ्या कौतुकाला एक जागा अशी आहे जिथे मला थांबावं लागतं. शिळी भाकरी प्रत्येकाच्या वाट्याला सारखी आलेली नाही. बलुतेदारीच्या गावगाड्यात महार-मांगांनी गावकीची कामं करायची आणि मोबदला म्हणून दारोदार भाकरी मागायची, ही रीत होती. दारातून मिळे ती बहुधा शिळी, कधी उष्टी, आणि ती वरून टाकली जाई. आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या वाड्यांतूनच ती टाकली गेली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्याबरोबरच हेही सांगितलं होतं, की मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा. पाण्याचा हक्क आणि तुकडा नाकारण्याचा हक्क एकाच व्यासपीठावरून मांडला गेला. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ सालचं पुस्तक वाचताना, मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत तेलाशिवाय, मसाल्याशिवाय, जे मिळेल त्यातून जेवण कसं उभं केलं जाई ते कळतं, आणि स्वयंपाकाचं कौशल्य कुणाचं याबद्दलचे आपले समज हलतात.

म्हणून ‘शिळं खावं, अन्न वाया घालवू नये’ एवढंच म्हणणं मला अपुरं वाटतं, आणि कधीकधी क्रूरही. कुणी खावं, हे त्या उपदेशात सांगितलेलं नसतं. आजही लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं रात्री अकराला हॉलच्या मागच्या दाराने काम करणाऱ्यांना दिलं जातं, आणि देणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. सकाळचा आंबूस वास यायला लागलेला भात घरकाम करणाऱ्या मावशींना बांधून देणारी घरं मी पाहिली आहेत. जे आपण स्वतः ताटात घेणार नाही ते दुसऱ्याला देणं हे दान नव्हे. उरलेल्याचा मान ते आपण स्वतः, सगळ्यांबरोबर बसून खाण्यात आहे. पंढरीच्या वारीची सांगता गोपाळपूरच्या काल्याने होते, त्यातही सांगायचं हेच असतं. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या की कुणाचं घरून काय आलं होतं ते ओळखता येत नाही, आणि तेच प्रत्येकाच्या हातावर पडतं.

शिळ्या अन्नाबद्दल परंपरेतही एकमत नाही. गीतेचा सतरावा अध्याय शिळं आणि उष्टं दोन्ही तामस आहारात टाकतो. शेजारच्या गुजरातेत मात्र श्रावणात रांधण छठीला सगळा स्वयंपाक करून ठेवतात आणि शीतळा सातमीला चूल न पेटवता तेच गार जेवतात, देवीचा मान म्हणून. मला विचाराल तर गीतेतल्या त्या सावधगिरीमागे उष्ण हवेत जगणाऱ्या माणसांचा अनुभव असावा. आमच्या आजीकडे फ्रिज नव्हता. जाळीचं कपाट होतं, शिंकं होतं, आणि रात्री झोपण्याआधी आमटीला एक खळखळून उकळी देण्याचा नेम होता. उन्हाळ्यात ती भात रात्री उरूच देत नसे.

भाताच्या बाबतीत ती बरोबर होती. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला तर ते वाढतात आणि असं विष सोडतात की नंतर कितीही परतलं तरी ते नाहीसं होत नाही. फोडणीचा भात खाऊन पोट बिघडलं की आपण तेलाला आणि मिरचीला बोल लावतो, दोष रात्रभर ओट्यावर राहिलेल्या पातेल्याचा असतो. म्हणून जेवण झालं की भात पसरट ताटात मोकळा करून गार करावा आणि दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरात, फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो संपवावा, आणि परतताना आतपर्यंत चांगला गरम करावा. गार होऊन शितं घट्ट झालेली असतात, त्यामुळे फोडणीत मोडत नाहीत, एकेक सुटी राहते. ताज्या, वाफाळत्या भाताचा फोडणीचा भात होतच नाही, त्याचा गोळा होतो.

पण फ्रिजने एक नवीनच सवय लावली आहे. पूर्वी उरलेलं डोळ्यांसमोर असे, त्याचा विचार सकाळीच करावा लागे. आता ते स्टीलच्या डब्यात, मागच्या बाजूला, चार दिवस थांबू शकतं. थांबतं, आणि मग एका रविवारी वास घेऊन ओल्या कचऱ्यात जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली काढलेल्या अहवालात २०२२ या एका वर्षात जगभर वाया गेलेल्या अन्नाचा अंदाज १०५ कोटी टनांचा आहे, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधून गेलेलं. भारतातल्या घरांसाठी तो आकडा माणशी वर्षाला ५५ किलोचा. त्यात साली, देठं, हाडंही धरलेली आहेत हे खरं. तरी दोडक्याच्या शिरांची तीळ-खोबरं घालून खमंग चटणी करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला साली-देठं म्हणजे कचरा हा हिशेबही जरा अनोळखी वाटतो.

आमच्या घरी आता एक नेम आहे, आणि तो मी हट्टाने पाळते: उरलेलं जे काही असेल ते सगळ्यांनी खायचं. कुणा एकाच्या ताटात कालची पोळी आणि बाकीच्यांच्या ताटात गरम, असं होऊ द्यायचं नाही. आई माझ्याकडे राहायला आली की तिला हे सवयीने जमत नाही. ती डबा उघडते आणि एक पोळी उरली असेल तर पटकन आपल्याकडे ओढते. “अगं एकच तर आहे, एकीची काय फोडणीची पोळी करणार?”

करता येते. एका पोळीला दोन कांदे घ्यायचे, बारीक चिरून. पाव वाटी दाणे. असेल तर मूठभर कोबी, नसेल तर किसलेलं गाजर. एक वाटी जाडे पोहे भिजवून निथळून ठेवायचे, आणि पोळीचा चुरा पोह्यांच्याही आधी फोडणीत टाकायचा, म्हणजे त्याला तेल मिळतं आणि तो खरपूस होतो. मग पोहे, ताकाचा हबका, झाकण. पोह्यांच्या मऊ घासात मधूनच पोळीचा कुरकुरीत तुकडा येतो. चौघांना एकेक वाटी होते, आणि आईच्या वाटीत मी खरपुडी जरा जास्त घालते.